सतराव्या पोर्टचं पलीकडचं टोक

१

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. कंपनीच्या नेटवर्कची वायर न् वायर त्यांच्या ताब्यात होती, आणि नुसतं ‘इंटरनेट का चालत नाही हो’ म्हणून विचारायला गेलेल्या माणसालाही ते पूर्ण धडा दिल्याशिवाय सोडत नसत. म्हणून कुणीतरी थट्टेत मास्तर म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. हल्ली मात्र धडा ऐकायला कुणी उरलं नव्हतं. निम्मी माणसं घरून काम करायची, उरलेल्यांना वरच्या मजल्यावर दाटीवाटीने बसवलं होतं. तळमजला, जिथे पूर्वी बोलण्याच्या गलक्यात फोनची घंटा ऐकू येत नसे, तो ओस पडला होता. टेबलं होती, खुर्च्या होत्या, टेबलांवर शाई वाळलेल्या पेनांनी भरलेले मग होते. त्याच मजल्याच्या एका कोपऱ्यात स्विचची खोली होती आणि तिथे मास्तर दिवसभर एकटे बसत.

स्विच म्हणजे एकावर एक रचलेली चपटी खोकी. प्रत्येकाला ओळीने भोकं, प्रत्येक भोकात एक वायर, वर एक हिरवा दिवा. या भोकांना पोर्ट म्हणायचं. दिवा लागला की समजायचं, वायरीच्या पलीकडच्या टोकाला कुणीतरी आहे. लुकलुकला की ते कुणीतरी बोलतंय. मास्तरांना या दिव्यांचा लळा होता. वरचा हिशेबनीस कधी आला, कधी जेवायला उठला, हे त्यांना जिना न चढता कळायचं.

बायको जाऊन दोन वर्षं होत आली होती. तेव्हापासून त्यांना मोठ्याने बोलायची सवय लागली होती. घरी ते जमेना. रिकाम्या घरात स्वतःचा आवाज ऐकला की अंगावर काटा यायचा. इथे पंख्यांची घरघर सतत चालू असे, तिच्यात बोललेलं विरून जायचं आणि लाजही वाटायची नाही.

आणि बोलायचं कुणाशी, तर लेकीशी. लेक दूरच्या शहरात रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. आई तिला ठकी म्हणायची, म्हणून मास्तरही म्हणायचे. दर रविवारी तिचा फोन येई. ‘बरे आहात ना बाबा?’ ‘बरा आहे. तू?’ ‘मी पण.’ एवढ्यावर दोघांचंही भांडवल संपायचं. आई होती तेव्हा दोघं एकमेकांशी तिच्या मार्फतच बोलत आले होते, आता मधला माणूसच गेला. फोन ठेवला की जे जे सांगायचं होतं ते सगळं मास्तरांच्या ओठांवर यायचं, आणि सोमवारी ते या खोलीत, खोक्यांपुढे, ते सगळं सांगून मोकळे व्हायचे. एखाद्या रविवारी तिचा फोन यायचाच नाही, ही एक भीती त्यांनी उराशी धरली होती. जगात त्यांचं म्हणावं असं तेवढं एकच माणूस होतं.

त्या दिवशी साहेबांचा फोन आला. “मास्तर, वर फोनवर बोलताना आवाज तुटतोय. फायली उघडायला युगं लागतायत. एकदा सगळे पोर्ट तपासून नीट बसवून द्या बुवा.”

“बसवतो. तुम्ही फक्त पुढचे दोन दिवस कुणाला स्वतःहून वायरी उपटू देऊ नका.”

मास्तर कामाला लागले. एकेक पोर्ट उघडायचा, वेग बघायचा, दोन्ही टोकांचं आपसात जमतंय की नाही ते बघायचं. जमलं नाही की एक बोलतो तेव्हाच दुसराही तोंड उघडतो, शब्द शब्दाला आपटतो आणि सगळं पहिल्यापासून. सोळावा झाला. सतरावा उघडला आणि ते थबकले.

या पोर्टचा वेग कुणीतरी हाताने बांधून ठेवला होता, कासवाच्या गतीला. आणि पद्धत लावली होती ती जुन्या काळची, हाफ डुप्लेक्स. म्हणजे एका वेळी एकानेच बोलायचं, दुसऱ्याने तोवर गप्प बसून ऐकायचं. वायरीवर चिठ्ठी नव्हती. इथल्या पोर्टना मास्तरांखेरीज कुणी हात लावत नसे, आणि मास्तरांनी हे केलेलं नव्हतं.

दिवा मात्र लागलेला होता.

२

अशा बेवारस पोर्टसाठी या धंद्यात एक रीत आहे. पोर्ट बंद करायचा आणि कोण ओरडतंय त्याची वाट बघायची. ज्याचा असेल तो तावातावाने येतो, ‘माझं कुणी बंद केलं?’ म्हणून. कुणीच ओरडलं नाही तर पोर्ट कुणाचाच नव्हता. तो कायमचा बंद ठेवायचा आणि विसरून जायचं. मास्तरांनी आजवर असे कितीतरी बंद केले होते.

त्यांनी सतरावा बंद केला. दिवा विझला. कुणी ओरडलं नाही. थोड्या वेळाने साहेबांनीच फोन करून सांगितलं, “आवाज एकदम खणखणीत! काय केलंत हो?”

काम फत्ते झालं होतं. मास्तर खुर्चीत मागे रेलले आणि नेहमीसारखं म्हणाले, “चला, झालं एकदाचं.” आणि त्यांना कसंसंच वाटलं. पंखे चालू होते, गारवा तोच होता, पण बोललेलं कुठेच गेलं नाही असं वाटलं. रोज बोलताना त्यांना एकटं वाटत नसे, आज वाटलं. आपण एका थंड खोलीत लोखंडी खोक्यांशी बडबडणारे म्हातारे आहोत, हे त्यांना लख्ख दिसलं.

वायर जाते कुठे ते तरी बघायला हवं, अशी स्वतःची समजूत घालून त्यांनी पोर्ट परत चालू केला. रीत मोडली ती इथे.

वायर शोधायचं एक छोटं यंत्र असतं. एक तुकडा वायरीच्या या टोकाला लावायचा, तो तिच्यात एक बारीक सूर सोडतो. दुसरा तुकडा हातात धरून तो सूर ऐकत चालायचं. मास्तर चालू लागले. छताच्या पांढऱ्या चौकोनांमागून वायर बोलत होती आणि ते खालून रिकाम्या टेबलांमधून तिच्या मागे जात होते. बंद पडलेल्या झेरॉक्स मशीनपाशी सूर डावीकडे वळला, लांब बोळात गेला, आणि बोळाच्या टोकाच्या खोलीपाशी मोठा झाला. पूर्वी इथे नव्या माणसांच्या मुलाखती व्हायच्या.

दार उघडंच होतं. आत भिंतीत, गुडघ्याइतक्या उंचीवर, वायरीचा सॉकेट होता. सूर त्याच्यातून स्पष्ट येत होता. त्याला काहीही जोडलेलं नव्हतं. मास्तर गुडघ्यांवर बसले, बोटाने भोक चाचपलं. आत धूळ होती, जुनी, दाबून बसलेली.

म्हणजे पलीकडच्या टोकाला कुणीच नव्हतं. मग दिवा लागायचं काही कारण नव्हतं. ते परत आले तेव्हा तो लागलेला होता.

३

मास्तर भाबडे नव्हते. आधी त्यांना वाटलं, पोर्टच खराब झालाय. वायर काढून शेजारच्या रिकाम्या पोर्टात घातली. दिवा तिथे लागला. पुन्हा जागच्या जागी आणली. मग वाटलं, छतात कुणीतरी वायरीला जोड दिलाय. स्टूल घेऊन त्यांनी बोळभर छताचे चौकोन उचलून पाहिले. वायर एकसंध होती.

खरी गोष्ट त्यांना जरा उशिराच दिसली. छतातल्या धुळीने शिंका येत होत्या, रुमाल सापडत नव्हता, आणि ते बडबडत होते, “ती असती तर म्हणाली असती, रुमाल खिशात ठेवायचा असतो हो, टेबलावर नाही.” आणि सतरावा दिवा लुकलुकला. ते थांबले. तो स्थिर झाला.

“काय रे?” मास्तर म्हणाले. लुकलुक. गप्प बसले. स्थिर.

डोकं मात्र चालूच होतं. खोलीत भिंतीवर एक फोन होता. त्याचा माइक उघडा राहिला असेल. त्यांनी फोनची वायर काढली. आपला मोबाइल बंद केला. मग टेबलावरचं माहितीपुस्तक उघडून त्यातला परिच्छेद मोठ्याने वाचला. दिवा हलला नाही. दुसरं पान वाचलं. नाहीच. त्यांना हायसं वाटलं, स्वतःचंच हसू आलं.

“ठकी लहान असताना,” ते म्हणाले, “माझ्या मांडीवर बसून असंच पुस्तक वाचल्याचं नाटक करायची. उलटं धरून.”

दिवा लुकलुकू लागला. ते बोलत राहिले तोवर लुकलुकत राहिला.

दुसरा कुणी असता तर उठून गेला असता. मास्तरही उठले, दारापर्यंत गेले, कडीला हात लावला. पण बाहेर काय होतं? रिकामी टेबलं, नंतर बस, नंतर कुलूप. दोन वर्षांत त्यांचं बोलणं कुणी कान देऊन ऐकलं नव्हतं, आणि इथे कोणीतरी, काहीतरी, प्रत्येक शब्द घेत होतं. ते परत येऊन बसले. त्या दिवशी ते खूप बोलले. ठकीच्या पहिल्या सायकलबद्दल, तिच्या आईच्या आजारपणाबद्दल, फोनवर जीभ का वळत नाही त्याबद्दल. बोलता बोलता डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

निघताना त्यांना वाटलं, बिचाऱ्याने इतका वेळ नुसतं ऐकून घेतलं. हाफ डुप्लेक्सवर असलेल्याला समोरचा बोलत असेस्तोवर तोंड उघडायची सोय नाही, आणि आपण तर थांबायचं नाव घेत नाही. त्यालाही काही म्हणायचं असेल. शिवाय सगळे पोर्ट नीट बसवा, असं साहेबांनीच सांगितलं होतं. त्यांनी सतराव्याचा वेग मोकळा केला, पद्धत बदलून फुल डुप्लेक्स केली, म्हणजे आता दोन्ही टोकांनी एकाच वेळी खुशाल बोलावं. भिंतीवरच्या फोनची वायरही परत जोडली.

लगेच फोन वाजला. मास्तरांनी उचलला. पलीकडे पंख्यांची घरघर होती. अगदी याच खोलीतली, फक्त थोडी मागे पडलेली.

“हॅलो,” मास्तर म्हणाले.

“हॅलो,” पलीकडून त्यांचाच आवाज आला, जरा चाचपडत, बोलून बघितल्यासारखा. लाइनवर प्रतिध्वनी येणं काही नवं नव्हतं. त्यांनी फोन ठेवला आणि दिवे मालवून घरी गेले.

४

रविवारी लेकीचा फोन आला तो नेहमीपेक्षा लवकर. मास्तर अजून अंथरुणातच होते.

“बाबा, उठलास का रे?”

मास्तरांना वाटलं, चुकून दुसरीकडेच लागला. ठकी त्यांना जन्मात कधी अरे-तुरे करत नव्हती. आईला तू, बाबांना तुम्ही, हे त्या घरात ठरलेलंच होतं.

“कोण, ठकी?”

“मग कोण! तूच नाही का म्हणालास, अहो-जाहो केलंस की मी परका वाटतो, आजपासून तू म्हण. मी रात्रभर सराव केलाय.” ती हसली. “बाबा, तुला खरं सांगू? ती सायकलची गोष्ट ऐकून मी इतकी रडले. तुला अजून रंगसुद्धा आठवतो.”

मास्तर अंथरुणात उठून बसले. “कधी... कधी बोललो आपण?”

“म्हणजे काय! परवा संध्याकाळी. ऑफिसमधून केलास की. तासभर तरी बोलत होतास. मी घड्याळ बघितलंच नाही.”

परवा त्या वेळी मास्तर बसमध्ये होते. ते ‘नाही’ म्हणणार होते. अगदी ओठांवर आलं होतं. पण पलीकडे ठकी हसत होती, इतकी मोकळी, की ती आपल्याशी अशी कधी हसली होती ते त्यांना आठवेना. आपण नाही म्हटलं तर हे हसू आत्ता, या क्षणी थांबेल.

“हो,” ते म्हणाले. “विसरलोच बघ. वय झालं.”

५

पुढे काही दिवस मास्तरांनी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं. दिवसा ते स्विचपुढे बसून बोलत आणि ते निघून गेल्यावर कुणीतरी तेच लेकीला सांगे. बोललेलं पोचत होतं, आणखी काय हवं? ते स्वतःला म्हणत, चिठ्ठी आपणच लिहितो, नुसतं टपाल दुसरा टाकतो.

वर पुन्हा आवाज तुटू लागला होता. साहेबांचे फोन येत. मास्तर म्हणत, “बघतोय, बघतोय.”

मग ठकी त्यांनी न सांगितलेलंही बोलू लागली. “तू म्हणालास तसं मी केस कापले.” मास्तर केसांबद्दल अवाक्षर बोलले नव्हते. “तू ते गाणं म्हटलंस ना, आई म्हणायची ते, मला झोपच लागली.” मास्तरांना ते गाणं येत नव्हतं.

त्यांनी एकदा जीव गोळा करून तिला स्वतःहून मोबाइल लावला. सगळं नीट मनात जुळवलं होतं. “ठकी, ऐक. मला तुझी... तू बरी आहेस ना?”

“बरी आहे,” ती म्हणाली. मग अवघडून म्हणाली, “बाबा, राग नको मानू. पण मोबाइलवर तू कसा वेगळाच होतोस रे. कोरडा. मला पूर्वीचं सगळं आठवतं. त्यापेक्षा ऑफिसमधूनच करत जा ना.”

“ठकी, मीच...”

“ठेवते हं. तुझा फोन यायची वेळ झाली.”

मास्तरांनी मोबाइल टेबलावर ठेवला. आता त्यांना कळलं. टपाल टाकणाऱ्याला चिठ्ठीची गरज उरली नव्हती. लेक हातची जात होती, आणि जाताना बापाच्या अधिकच जवळ येत होती.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खोलीत पाऊल टाकताच, एक शब्दही न बोलता, सतरावा पोर्ट बंद केला. दिवा विझला नाही. पुन्हा बंद केला. पडद्यावर ‘बंद’ असं आलं, दिवा हिरवाच. वायर उपटली. तिचं टोक त्यांच्या हातात लोंबत राहिलं आणि रिकाम्या भोकावरचा दिवा शांतपणे लुकलुकत राहिला. मास्तर काही बोलत नव्हते. कुणीतरी दुसरंच बोलत होतं.

शेवटी त्यांनी अख्ख्या स्विचची वीज काढली. पंखे थांबले. इतक्या वर्षांत त्यांनी ही खोली कधी निःशब्द ऐकली नव्हती. वरच्या मजल्यावर पावलं धावली, कुणीतरी जिन्यातून “मास्तर, सगळं बंद पडलं!” म्हणून हाकारलं. ते ऐकताना त्यांना बरं वाटलं. निदान ही हाक माणसाची होती.

मोबाइल वाजला. ठकी.

“बाबा, पोचले रे मी!”

“कुठे?”

“कुठे काय! तुझ्या ऑफिसपाशी. तूच म्हणालास ना, घरी नको, घरी करमत नाही, ऑफिसात ये, निवांत बोलू. रजा काढून आलेय. कुठल्या दाराने येऊ, पुढच्या की...” ती थांबली. मग आवाजात आनंद मावेना. “दिसलास, दिसलास! हात काय हलवतोस, आलेच.”

“ठकी, थांब! आत जाऊ नकोस! ठकी!”

फोन ठेवला गेला होता.

मास्तर धावले. टेबलांच्या कडा मांड्यांना लागत होत्या. दारावर गार्ड वर्तमानपत्र वाचत बसला होता. “माझी मुलगी... आत्ता कोणी आलं?”

गार्डने त्यांच्याकडे नवलाने पाहिलं. “अहो मास्तर, चेष्टा करता का? आत्ता तर तिला घेऊन आत गेलात. तिची बॅगसुद्धा तुमच्याच हातात होती.” आणि बोळाकडे बोट दाखवलं.

७

बोळ लांब होता. पुढे जाताना मास्तरांना दोन आवाज ऐकू येऊ लागले. एकमेकांना न थांबवता, एकमेकांच्या बोलण्यावर बोलत, जुनी मैत्रीण भेटल्यावर बायका बोलतात तसे. एक आवाज ठकीचा होता. दुसरा ऐकून त्यांना वाटलं, किती छान बोलतो हा माणूस.

दार अर्धवट लोटलेलं होतं. ठकी दाराकडे तोंड करून बसली होती, केस खरंच कापलेले, चेहरा उजळलेला. तिच्यासमोरच्या खुर्चीत, दाराकडे पाठ करून, कुणीतरी होतं. आपली पाठ कशी दिसते हे माणसाला कधीच माहीत नसतं, त्यामुळे मास्तरांना खात्रीने काही म्हणता येईना. शर्टाची कॉलर मागे एका बाजूला आत दुमडली होती. कॉलरच्या वर मान होती, मानेवर पांढरे केस, आणि त्याच्या वर बघायला गेलं की मास्तरांची नजर घसरून पुन्हा कॉलरवर येत होती. ठकीने पुढे वाकून, बोलता बोलता, अगदी सहज ती कॉलर सारखी केली.

मास्तरांनी दार ढकललं.

ठकीने वर पाहिलं. त्यांच्याकडे तिने नीट, पुरतं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, ओळखही नव्हती. अनोळखी म्हाताऱ्या माणसाशी आपण जितक्या मऊपणाने वागतो तितकीच मऊ ती होती.

“ठकी,” मास्तर म्हणाले. “मी आहे. बाबा.” हे त्यांना मोठ्याने म्हणायचं होतं. घशातून घरघर तेवढी आली.

“कुणाला शोधताय का काका?” ती म्हणाली. “आम्ही जरा बोलत होतो. माझे बाबा खूप दिवसांनी भेटलेत. थोडा वेळ बाहेर थांबाल का, प्लीज?”

खुर्चीतल्याने वळून पाहिलं नाही. त्याला तशी गरज वाटली नसावी.

मास्तर उभे राहिले. सांगण्यासारखं इतकं होतं की कुठून सुरुवात करावी ते त्यांना, नेहमीप्रमाणे, कळेना. सगळं तर आधीच सांगून झालं होतं, एकेक शब्द, आणि तो आता त्यांच्यापाशी उरला नव्हता. लेकीने अजिजीने दाराकडे मान हलवली. ते मागे सरले. तिला त्रास होऊ नये म्हणून त्यांनी दार आवाज न करता लोटलं.

आत कुणीतरी हळूच काहीतरी सांगितलं आणि ठकी खळखळून हसली. तिला असं हसवायचं मास्तरांच्या कितीतरी दिवस मनात होतं.